अर्धा सूत

देवास, १५ जून २०२५

ती. मामंजींना अलकाचा नमस्कार.

पोस्टमननं माझं पत्र हातात ठेवलं की तुम्ही आधी घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. वेदिका आणि चिऊ दोघी ठीक आहेत, मीही ठीक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज करावा तर तुमचा फोन दर रविवारी पियूषच्या हातात असतो. मला जे लिहायचंय ते त्यानं वाचायला नको. आता मी त्याला 'अहो' म्हणत नाही, तुम्हाला राग आला तरी चालेल.

काल त्याचा मेसेज आला. "राजदूत की बोरियाँ दशहरे पे ले जाऊँगा, किसी को हाथ मत लगाने देना." मी कणीक मळत होते, तशाच हातानं वाचला. होळीनंतर घर सोडून गेला तो, तीन महिने पोरींची एक चौकशी नाही, आणि आठवण आली ती पोत्यांची. तुमची सन चौऱ्याहत्तरची राजदूत मोटारसायकल चार वर्षं माझ्या मागच्या व्हरांड्यात पोत्यांत सुटी पडली आहे. चार वर्षं त्यानं ती जोडली, किक मारली, चालली नाही की पुन्हा खोलली. आणि प्रत्येक वेळी त्याचा भडका घरात उडाला.

गेला त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. त्यानं दोन्ही पोरींना समोर उभं केलं आणि म्हणाला, "तुम लोगों के रोने-धोने में मेरी गाड़ी नहीं बनी. तुम नहीं होते तो मेरा कुछ बन जाता." चिऊ तेव्हा चारचीही नव्हती. वेदिका नऊची आहे, तिला सगळं कळलं. तेव्हापासून ती घरात टाचा उचलून चालते. पेला ठेवते तर आवाज होऊ देत नाही. शाळेत मॅडमनं विचारलं तर उत्तर वहीत लिहून दाखवते. परवा चिऊ रडायला लागली तर तिच्या तोंडावर हात दाबून म्हणते, "चुप, गाड़ी नहीं बनेगी." गाडीवाला कधीच निघून गेला, आणि ही पोर अजून त्याच्या गाडीसाठी गप्प बसली आहे.

मामंजी, मी फॅक्टरीत पॅकिंगच्या लाइनवर उभी राहणारी बाई आहे. पान्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे मला माहीत नव्हतं. पण त्या दिवशी डोक्यात जे पेटलं ते विझत नाही. मला त्याच्याकडून काही नको. मला ती गाडी बनवायची आहे, ह्याच घरात, ह्याच पोरींच्या हातांनी, ह्यांच्याच रडण्या-ओरडण्यात. खंडेनवमीला सगळी भावकी धारला तुमच्याकडे जमते, तोही येतो. त्या दिवशी मला ती गाडी तुमच्या दारात उभी करायची आहे. त्याची मान खाली गेलेली वेदिकानं आपल्या डोळ्यांनी बघितली पाहिजे. नाहीतर ही पोर जन्मभर टाचा उचलून चालेल.

तुम्ही पस्तीस वर्षं बस डेपोत फिटर होतात. मला शिकवा. पत्रानं शिकवा, पण शिकवा.

तुमची सून,
अलका

*

धार, २६ जून २०२५

चि. सौ. अलका हीस मारुतीचे आशीर्वाद.

तुझे पत्र एकदा चष्मा लावून वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. पियूष पोरींना असे बोलला हे मला ठाऊक नव्हते. इथे तो निराळेच सांगतो. तू गाडी घरात ठेवू देत नव्हतीस म्हणून निघालो, असे त्याने पाटीवर लिहून दाखवले होते. मी पुढे विचारले नाही. मला ऐकू येत नाही आणि त्याला लिहिण्याचा कंटाळा, त्यामुळे आमचे दोघांचे बोलणे लवकर संपते.

गाडी करायची आहे ना, मग कर. नाही म्हणणारा मी कोण. परंतु क्रमाने जा. आधी सांगाडा धुऊन घे, मग चाके, मग टाकी. टाकीत मूठभर खडी आणि डिझेल घालून दोघींनी दोन बाजूंनी धरून हलवा, आतला गंज सुटेल. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्या भोकाचे नाव लिहून ठेव. पोरींना हे काम जमेल. रागाच्या भरात पाना धरलास तर तो घसरतो, तेव्हा बोटे सांभाळ.

इंजिनला मात्र इतक्यात हात लावू नकोस. बाकी सर्व झाले की इंजिन पोत्यात घालून बसने माझ्याकडे पाठव. ते मी बसवून देईन. म्हाताऱ्याचा हट्ट समज. तुझ्या सासूबाई त्याच गाडीवर मागे बसून दर श्रावणात अमझेऱ्याला देवीला जात. इंदूला जाऊन चार वर्षे होतील, पण ते इंजिन परक्या मिस्त्रीने खोललेले मला बघवणार नाही.

वेदिका खरेच टाचा उचलून चालते का, हे पुढच्या पत्री कळव.

मारुती

*

देवास, २० जुलै २०२५

ती. मामंजी,

हो, खरंच चालते. पण आता व्हरांड्यात नाही, कारण व्हरांड्यात मी कायदा केला आहे. दर रविवारी सकाळी काम सुरू झालं की ज्यानं आवाज केला नाही त्याच्या पोह्यांवर शेव नाही. चिऊ पहिल्या दिवसापासून दोन मुठी शेव खाते आहे. तिला हातोडी आणि एक रिकामा डबा दिला की पुरे. वेदिकानं तीन रविवार कोरडे पोहे खाल्ले, तोंडातून हूं नाही. चौथ्या रविवारी तिच्या हातून ब्रेकची दांडी फरशीवर पडली, ठण्ण करून. पोर पांढरी पडली, माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या ताटलीत शेव घातली. ती जरा हसली असं मला वाटलं.

चिऊ बोल्ट आकाराप्रमाणे लावते, इडलीपात्राच्या खळग्यांत. इडल्या तीन आठवडे बंद आहेत. वेदिका प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एकदा चिऊनं एक नट मोरीत टाकला आणि मग स्वतःच भोकाड पसरलं. वेदिका धावली तिचं तोंड दाबायला. मी तिचा हात काढला आणि म्हटलं, रडू दे तिला, मोठ्यानं रडू दे, आपली गाडी रडण्यानं थांबत नाही. नट मोरीतून काढला, लावला. सांगाडा रंगला, चाकं फिरतात, टाकी चकचकते.

आता रागावू नका. इंजिन मी तुमच्याकडे पाठवलं नाही. धारला आलं असतं तर रविवारी पियूषच्या नजरेला पडलं असतं, आणि मग नवमीची सगळी गंमत गेली असती. स्टेशनजवळ उमाशंकर भिया म्हणून मिस्त्री आहेत, चांगला माणूस. त्यांनी सिलिंडर घासून घेतला, नवा पिस्टन घातला, माझ्याकडून एकेक भाग बसवून घेतला. परवा किक मारली. मामंजी, ती किक उलटी आली आणि माझ्या नडगीवर अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे. हिरवंनिळं झालंय. पुन्हा मारली तर दोनदा फटफट करून बंद. भिया म्हणाले, ठिणगी पाडणारं ते चाक, मॅग्नेट, त्याच्यावरची खूण बरोबर जुळते, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, ऑइल मिसळलंय, तरी चालत नाही. "भाभी, इसमें कोई भूत बैठा है."

म्हणजे चार वर्षं ह्याचंही हेच होत होतं. एक क्षण मला त्याची दया आली, खोटं सांगत नाही. तेवढ्यात मेसेज आला, त्याला कोणीतरी सांगितलं असणार. "बच्चे संभाल लो पहले. बच्चों को बगल में ले के गाड़ी नहीं बनती." दया गेली.

काय करू ते लिहा. नवमीला अडीच महिने उरले आहेत.

अलका

*

धार, २ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अलका हीस आशीर्वाद.

नडगीला हळद-तेल लाव. पोरींपैकी कोणालाही किकजवळ उभे करू नकोस.

दोष कार्बोरेटरात असावा. तो पुन्हा खोलून बारीक भोके साफ कर. नसेल तर टाकीचा नळ बघ, सायलेन्सरही आतून जळलेला असू शकतो. मॅग्नेट उघडू नकोस. त्याला पुलर, म्हणजे ओढून काढायचे हत्यार लागते, चुकीचा लावला तर कडा फुटते आणि जुना मॅग्नेट आता मिळत नाही. मिस्त्री म्हणाला खूण जुळते तर जुळते. मॅग्नेटच्या वाटेला जाऊ नकोस.

खरे सांगायचे तर एवढा आटापिटा कशाला, असेही मनात येते. नवमीला गाडी टेम्पोत घालून आण. उभी दिसली तरी पियूषला कळायचे ते कळेल. मग ती इथेच ठेवू, मी सावकाश बघेन. गाडीचे कागद अजून माझ्या नावावर आहेत. ते मी तुझ्या नावावर करून देतो, अर्ज आणून ठेवला आहे. पियूषला ती मिळणार नाही, हा माझा शब्द.

वेदिकाला शेव मिळते आहे हे वाचून बरे वाटले.

मारुती

*

देवास, २४ ऑगस्ट २०२५

मामंजी,

मॅग्नेट उघडला. तुमचं ऐकलं नाही, आणि बरं झालं नाही ऐकलं. सगळं नीट सांगते.

कार्बोरेटर मी तीनदा खोलला. नळ, सायलेन्सर, सगळं. गेल्या रविवारी डोकं धरून बसले होते. उमाशंकर भिया चहा पीत होते. वेदिका इंजिनाजवळ बसून काहीतरी करत होती, नेहमीसारखी गुपचूप. तिनं प्लग काढून त्या भोकात सरबताची स्ट्रॉ उभी घातली होती आणि मॅग्नेट हातानं अगदी हळू फिरवत होती. स्ट्रॉ वर येते, खाली जाते. मग ती आली, माझ्या कानाशी लागली, म्हणाली, "आई, पिस्टन अजून वर आला नाही, खूण आधीच आली." भियांनी चहा ठेवला. खूण पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी यायला हवी. ही तर बोटभर आधी येत होती. म्हणजे जी खूण बघून सगळे मिस्त्री आणि पियूष ठिणगीचं टायमिंग लावत होते, ती खूणच खोटी पडत होती. चार वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही ते नऊ वर्षांच्या पोरीनं स्ट्रॉनं दाखवलं.

भियांनी पुलर आणला. मॅग्नेट निघाला. इंजिनाच्या दांड्यावर मॅग्नेट जागच्या जागी धरणारी छोटी चावी असते ना, अर्ध्या चंद्रासारखी, ती काढली. मामंजी, ती चावी कोणीतरी मुद्दाम बनवलेली आहे. खालचा भाग सरळ आणि वरचा भाग बाजूला सरकवलेला. कानशीनं घासून इतकी साफ केली आहे की भिया उन्हात धरून दोन मिनिटं बघत राहिले. म्हणाले, "ये टूटी नहीं है भाभी. ये किसी ने दुश्मनी में बनाई है."

दुकानातून नवी चावी आणली, घातली. दुसऱ्या किकला गाडी चालू. सगळा व्हरांडा धुरानं भरला, चिऊ नाचायला लागली. आणि वेदिका ओरडली. "चालू हो गई! आई, चालू हो गई!" इतक्या मोठ्यानं की शेजारची शिखा हातातलं लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं आग लागली. होळीनंतर पहिल्यांदा माझ्या पोरीचा मोकळा आवाज मी ऐकला. मी तिथेच फरशीवर बसून रडले, इंजिनाच्या आवाजात कोणाला कळलं नाही.

आता पुढचं ऐका. ही चावी पियूषनं घासली आहे. दुसरं कोण? गाडी त्याच्याशिवाय कोणाच्या हातात नव्हती. गाडी चालू नये आणि घर सोडायला निमित्त मिळावं म्हणून हे करून ठेवलं, चार वर्षं खटपटीचं नाटक केलं, आणि वर पोरींच्या माथी मारलं. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला मी आपल्या घरची रीत बघितली होती. सगळी हत्यारं पाटावर मांडायची, आणि पूजेनंतर घरातल्या प्रत्येक कामकऱ्यानं त्यांच्यापुढे बसून वर्षभरात आपल्या हातून बिघडलेलं एक काम मोठ्यानं सांगायचं, मगच प्रसाद. तेव्हा मला ती फार आवडली होती. तुम्ही एका बसचा उलटा बसवलेला बेअरिंग सांगितला होता आणि सगळे हसले होते.

ह्या नवमीला त्याची पाळी आली की मी ही चावी ताम्हनात ठेवणार आहे, सगळ्या भावकीसमोर. त्याला विचारणार आहे, सांग, हे कोणाच्या हातचं काम? वेदिका समोर बसलेली असेल. त्याला तोंड लपवायला जागा ठेवणार नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी अडीच महिने जगले आहे.

तुमचा आशीर्वाद असू द्या.

अलका

*

देवास, १२ सप्टेंबर २०२५

मामंजी,

पत्र मिळालं नाही का? तब्येत बरी आहे ना? चिंतामणी काकांना फोन केला तर म्हणाले, दादा ठीक आहेत, पण जेवत नाहीत नीट. काही लागलं तर कळवा, मी येते.

अलका

*

धार, १९ सप्टेंबर २०२५

अलका,

तुझी दोन्ही पत्रे पावली. पहिल्याचे उत्तर लिहिण्यास मला पंचवीस दिवस लागले.

ती चावी पियूषने घासलेली नाही. मी घासली आहे.

इंदू गेली त्याला तेरा दिवस झाले होते. तेराव्याच्या पंक्ती बसल्या होत्या आणि पियूष एका माणसाला घेऊन मागच्या दाराने आला, राजदूत दाखवायला. गाडी तुलाच देईन असा शब्द मी त्याला पूर्वी दिला होता, आणि तो शब्द त्याने त्या दिवशी वसूल करायला काढला. माझ्या हातात इंदूच्या नावाचे पान होते. ते घेऊन मी गच्चीवर गेलो, कावळ्याला ठेवले, खाली आलो तेव्हा तो माणूस सीटवर बसून गाडी हलवून बघत होता. मागच्या ज्या सीटवर ती अडतीस वर्षे बसली, तिच्यावर त्याने आपली पिशवी ठेवली होती.

गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येतो म्हणून गेला. त्या दुपारी मी कानस काढली. मूळची चावी काढून ठेवली आणि तशीच दुसरी घासून तिचा वरचा भाग अर्धा सूत सरकवला, म्हणजे मसुरीच्या डाळीच्या दाण्याच्या जाडीएवढा. त्याहून जास्त केला असता तर कोणाच्याही लक्षात आले असते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतके सफाईचे काम मी केले नव्हते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले, गाडी चालली नाही, ते परत गेले. मला आनंद झाला. तो मी लपवत नाही. पोराने आईच्या तेराव्याला जे केले त्याची त्याला शिक्षा व्हावी, गाडी त्याच्या ताब्यात असावी आणि कधी चालू नये, असेच मला हवे होते.

तो ती देवासला घेऊन गेला. एक-दोन महिन्यांत कंटाळेल असे मी धरले होते. तो कंटाळला नाही. पहिले वर्ष मी रागाने गप्प बसलो. पुढे लाजेने बसलो.

गेल्या दिवाळीला मी तुमच्याकडे आलो होतो. पियूष व्हरांड्यात दोघी पोरींपुढे उभा होता, तोंड मोठे उघडून काही बोलत होता. वेदिका खाली बघत होती. मला वाटले अभ्यासावरून बोलतो आहे. मी तिथे बसून चकली खाल्ली. आता तुझे पत्र वाचल्यापासून ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

इंदू गेल्यापासून चार नवम्या झाल्या. चारही वेळा हत्यारांपुढे बसून मी फालतू कामे सांगितली. घराण्याच्या रितीपुढे मी खोटे बोललो.

मूळची चावी ह्या पाकिटात घातली आहे. माझे एकच मागणे आहे. पियूषला मी सांगेन, तो मला हवे ते करो. पण वेदिकाला हे कळू देऊ नकोस. तिचा आजोबा तेवढा तिला राहू दे.

मारुती

*

देवास, २४ सप्टेंबर २०२५

मामंजी,

तुमची मूळची चावी परत पाठवते आहे. आमच्या गाडीत दुकानातली चावी आहे, चांगली चालते.

पत्र वाचलं तेव्हा आधी वाटलं, तडक बस पकडावी आणि तुमच्या दारात येऊन बोंब मारावी. मग आठवलं, तुम्हाला ऐकू येत नाही. तुमचं काय जातं.

मी तुम्हाला देवमाणूस समजत होते. "मॅग्नेट उघडू नकोस" हे तुम्ही माझ्या भल्यासाठी लिहिलं असं समजत होते. माझी नडगी हिरवीनिळी झाली ती तुमच्या कानशीनं, आणि तुम्ही मला हळद-तेल सांगितलंत. तुमचं आईंवर प्रेम होतं, मान्य. तेराव्याला त्यानं केलं ते वाईटच केलं. पण शिक्षा कोणाला झाली? तो चार वर्षांनी उठून निघून गेला. शिक्षा भोगली माझ्या पोरींनी.

आणि त्यालाही मी सोडत नाही. चावी तुम्ही घासली, पण जीभ त्याची होती. गाडी चालत नाही म्हणून पोरींना बोल लावायला तुम्ही सांगितलं नव्हतं.

तुमचं मागणं मला मान्य नाही. वेदिकाला कळणार, आणि तुमच्याच तोंडून कळणार. १ तारखेला खंडेनवमी आहे. मी तिला घेऊन येते, चिऊ शिखाकडे राहील. तुम्ही हत्यारांपुढे बसून हे काम सांगायचं. पियूष समोर, वेदिका समोर, चिंतामणी काका आणि सगळे समोर. एक शब्द कमी नाही. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ते फार वाईट ऐकू जाईल.

त्यानंतर तिनं तुम्हाला आजोबा म्हणायचं की नाही, ते ती बघेल. मी तिला काही शिकवणार नाही, तुमच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही.

अलका

*

धार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अलका,

तू काही न बोलता गेलीस, म्हणून लिहितो.

गाडी मी तिला ओळखतो तशी आली. गल्लीच्या तोंडाशी असतानाच मला उंबऱ्याच्या दगडातून तिची धडधड पायाखाली कळली. घाटाबिल्लोदपर्यंत टेम्पोने आणलीस आणि पुढे चालवत आलीस असे चिंतामणीने लिहून दाखवले. मागच्या सीटवर वेदिका होती. पियूष ओसरीवरून उठला आणि तसाच उभा राहिला. त्याने गाडीला लावायला हात पुढे केला, तू किल्ली फिरवून गाडी बंद केलीस आणि त्याच्याकडे बघितलेस. तो हात त्याने खिशात घातला. तेवढे तुला हवे होते, ते तुला मिळाले, मी पाहिले.

मग माझी पाळी. मला माझा आवाज ऐकू येत नाही, किती मोठ्याने बोललो ठाऊक नाही. चिंतामणी म्हणतो, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ऐकू गेले. तू सांगितल्याप्रमाणे एक शब्द कमी केला नाही. तू आणलेली ती घासलेली चावी ताम्हनात ठेवली. बोलताना मी हत्यारांकडे बघत होतो, वेदिकाकडे बघण्याची छाती झाली नाही.

बघितले तेव्हा पियूषच्या हातात चावी होती. तो चिडेल, माझ्या अंगावर येईल असे मला वाटले होते. त्याचा चेहरा उलट हलका झाला होता. तुझ्याकडे वळून, चावी दाखवून काही बोलला. तेव्हा वेदिका उठली. बराच वेळ बोलली. त्याच्याशी आधी. त्याची मान खाली गेली. मग त्याने काही पुटपुटले, तिने पुन्हा काही म्हटले, मग त्याने तोंड मोठे उघडून तेच पुन्हा म्हटलेसे दिसले. ओसरीवरच्या सगळ्या माना खाली होत्या. मग ती माझ्याकडे वळली आणि मलाही काही बोलली. मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी बोलली. आणि तुम्ही दोघी प्रसाद न घेता गेलात. वाढलेली दोन्ही पाने तशीच राहिली.

ती काय म्हणाली हे मी सगळ्यांना पाटी देऊन विचारले. चिंतामणी "काही नाही" लिहितो. त्याची बायको पदर तोंडाला लावून आत जाते. पियूष त्या दिवसापासून आलेला नाही.

मला जे मिळायचे ते मिळू दे. पण ते काय आहे हे मला कळले पाहिजे. तू लिही.

कागद तुझ्या नावावर करण्याचा अर्ज दिला आहे.

मारुती

*

देवास, १२ ऑक्टोबर २०२५

आजोबा,

आई म्हणाली मी नाही लिहिणार, तू बोलली तर तूच लिही. माझी मराठी कच्ची आहे, शाळेत हिंदी आहे. गलती निघाली तर समजून घ्या.

तुम्ही चावीचं सांगितलं तेव्हा पापा खुश झाले. ते आईला बोलले, "देखा, मेरी गलती थी ही नहीं." म्हणून मी उठली. मी पापाला बोलली, चावी खराब थी तो चावी को डाँटते, हमको क्यों डाँटा. मी बोलली की गाडी तर आमच्या शोरमध्येच बनली. चिऊ रोज रडायची, डबा वाजवायची, एक दिवस तर तिनं नट मोरीत टाकला, तरी बनली. मी पण ओरडली तरी बंद नाही पडली. मग पापा सॉरी बोलले, एकदम हळू. मी बोलली, ज़ोर से बोलो, हमको तो ज़ोर से ही बोलते थे. तर त्यांनी जोरात बोललं. सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही नाही ऐकलं म्हणून लिहिते.

मग तुमचा नंबर.

मी बोलली, आजोबा, तुम्ही दर दिवाळीला यायचे तर मला वाटायचं तुम्ही पापाला थांबवणार. मला माहीत होतं तुम्हाला ऐकू येत नाही. पण डोळे तर होते.

आई म्हणते माफ करायचं की नाही ते मी ठरवायचं, तिचं काही म्हणणं नाही. मी विचार केला. पापानं गाडी आणली तेव्हा मी पाच वर्षांची होती. आता नऊ. चार वर्षं मला वाटायचं गाडी माझ्यामुळे बिघडली आहे, आणि तुम्हाला माहीत होतं की माझ्यामुळे नाही बिघडली. मला वाट बघायला लागली. आता तुम्ही बघा. चार वर्षांनी मी तेरा वर्षांची होईन, तेव्हा नवमीला येऊन सांगेन, हो की नाही.

तोपर्यंत मरायचं नाही. जेवण नीट करा. चिंतामणी काकांना मी सांगितलं आहे, ते मला फोनवर सांगणार तुम्ही किती पोळ्या खाल्ल्या.

वेदिका